आहारातील स्निग्धांचा समतोल आणि आतड्यांचे आरोग्य

रुग्ण बरा होऊन घरी जाऊ लागला की त्याचे आप्त औषधांची चिठ्ठी समजून घेतात आणि मग हमखास एक प्रश्न विचारतात : "आता तेल-तूप बंद करायचे का?" पोटाचा विकार असेल तर हा प्रश्न अधिकच आग्रहाने विचारला जातो. काही घरांत उत्तराची वाटही न पाहता रुग्णाचे जेवण पूर्णपणे बिनतेलाचे केले जाते. मग महिन्याभरात त्याचे वजन घटते, अन्नावरची वासना उडते आणि अशक्तपणामुळे मूळ आजार बरा होण्यास विलंब लागतो. याउलट काही घरांत कोणा परिचिताच्या सांगण्यावरून एखादे महागडे तेल किंवा तेलाच्या गोळ्या आणल्या जातात व बाकीचा आहार होता तसाच राहतो. या दोन्ही मार्गांनी रुग्णाचे हित साधत नाही. म्हणून यंदाच्या अहवालात आम्ही आहारातील स्निग्ध पदार्थ आणि आतडी यांचा संबंध सविस्तर मांडत आहोत.

प्रारंभीच सारांश सांगावयाचा तर तो असा : आतड्यांच्या दृष्टीने एकही तेल सर्वस्वी अमृत नाही आणि सर्वस्वी विषही नाही. स्निग्ध किती खाल्ले, कोणत्या जातीचे खाल्ले आणि त्याच्या सोबतीला ताटात काय होते, या तीन गोष्टींच्या मेळावर आतड्यांचे आरोग्य अवलंबून असते.

स्निग्धाचा शरीरातील प्रवास

पाणी आणि तेल एकत्र होत नाहीत, हे आपण जाणतोच. आतड्यातील पाचकरस हे मुख्यतः पाण्याचे असतात; त्यामुळे तेलाचे पचन हे शरीरापुढील एक अवघड काम असते. यकृत दररोज साधारणतः अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. हे पित्त पित्ताशयात साठते आणि स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचताच पित्ताशय आकुंचन पावून ते आतड्यात सोडते. साबणाने जसे भांड्यावरचे तेल सुटे होते, तसे पित्तातील आम्लांमुळे तेलाचे अतिसूक्ष्म कण होतात. मग स्वादुपिंडातून आलेला लायपेझ हा पाचकरस त्या कणांचे विघटन करतो आणि आतड्याचे अस्तर त्यांचे शोषण करते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही स्निग्धाच्या आधारानेच शरीरात शिरतात.

काम संपल्यावर सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. उरलेला अल्प भाग मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे अब्जावधी सूक्ष्मजीवांची वस्ती असते. हे सूक्ष्मजीव त्या पित्ताम्लांचे रूपांतर दुय्यम पित्ताम्लांत करतात. ही दुय्यम पित्ताम्ले प्रमाणाबाहेर वाढली तर मोठ्या आतड्याच्या अस्तराला त्रासदायक ठरतात. आहारात स्निग्ध जितके अधिक, तितके पित्त अधिक. आणि पित्त जितके अधिक, तितका त्याचा मोठ्या आतड्यात उतरणारा भागही अधिक. खाल्लेले बहुतेक तेल वरच्या भागातच पचून गेले तरी त्याचा परिणाम खालच्या आतड्यापर्यंत पोहोचतो तो असा.

त्याच मोठ्या आतड्यात दुसरेही एक कार्य चालू असते. भाज्या, फळे, डाळी आणि कोंड्यासकटचे धान्य यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो सूक्ष्मजीव आंबवतात आणि त्यापासून ब्युटिरेट नावाचे लहान साखळीचे स्निग्धाम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना लागणाऱ्या ऊर्जेचा बराचसा भाग याच ब्युटिरेटपासून मिळतो. म्हणजे एका बाजूने पित्ताम्ले अस्तराची परीक्षा पाहतात, तर दुसऱ्या बाजूने चोथ्यापासून झालेले ब्युटिरेट त्याचे पोषण करते. ताटात तेल वाढले आणि चोथा घटला की हा समतोल दोन्ही बाजूंनी बिघडतो.

स्निग्धांच्या जाती

स्निग्ध पदार्थांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतील. पहिला वर्ग संपृक्त स्निग्धांचा. खोबरेल तेलात यांचे प्रमाण सुमारे ९० टक्के, तुपात ६० टक्क्यांहून अधिक, तर पाम तेलात जवळजवळ निम्मे असते. दुसरा वर्ग एक-असंपृक्त स्निग्धांचा; शेंगदाणा तेल, तीळ तेल आणि तांदळाच्या कोंड्याचे तेल यांत हे चांगल्या प्रमाणात आढळतात. तिसरा वर्ग बहु-असंपृक्त स्निग्धांचा. यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ असे दोन भाऊबंद येतात. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीन यांच्या तेलात ओमेगा-६ विपुल असते. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात तर ते सुमारे तीन चतुर्थांश असते. ओमेगा-३ मात्र मोजक्याच पदार्थांतून मिळते. जवसाच्या तेलात ते सुमारे निम्मे असते; अक्रोड आणि मोहरीच्या तेलातही ते आहे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीत ते शरीराला थेट वापरता येईल अशा स्वरूपात असते.

हे दोन्ही भाऊबंद शरीराला आवश्यक आहेत आणि दोन्ही शरीरात तयार होत नाहीत. ओमेगा-६ पासून दाह चेतवणारी काही द्रव्ये बनतात, तर ओमेगा-३ पासून बनणारी द्रव्ये प्रामुख्याने दाह शमवण्यास मदत करतात. जखम भरून येण्यासाठी आणि जंतूंशी लढण्यासाठी दाहही लागतो. परंतु तो वेळेवर थांबणेही तितकेच आवश्यक असते. म्हणून या दोघांतील प्रमाणाला महत्त्व आहे.

चौथा वर्ग ट्रान्स स्निग्धांचा. तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना ही स्निग्धे तयार होतात. यांचा शरीराला कोणताही लाभ नाही आणि हृदयाला होणारी हानी सिद्ध झालेली आहे.

आपल्या गावातील बदललेले स्वयंपाकघर

मीरा-भाईंदर हा एकेकाळी मिठागरे, भातशेती आणि मासेमारी यांवर जगणारा परिसर होता. २८ फेब्रुवारी २००२ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. मूळच्या आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारी कोकण, देश, गुजरात, राजस्थान आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबे नांदू लागली. प्रत्येक घराने आपले स्निग्ध बरोबर आणले होते. किनाऱ्यावर नारळ आणि मासळी, गुजराती घरात शेंगदाणा तेल, राजस्थानी घरात तूप, उत्तर भारतीय घरात मोहरीचे तेल, तर सोलापूर-मराठवाड्याकडच्या घरात करडईचे तेल आणि जवसाची चटणी असे. करडईच्या वाणांवर फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९६८ पासून मोठे कार्य केलेले आहे.

या विविधतेच्या जागी हळूहळू एकसारखेपणा आला. त्याची सुरुवात जुनी आहे. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप तयार होऊ लागले आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला; तुपाची ऐपत नसलेल्या घरांना तो मोठा आधार वाटला. त्यातील ट्रान्स स्निग्धांचे दुष्परिणाम त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. पुढे १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते आणि त्यात पाम तेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. घरात सूर्यफूल वा सोयाबीनचे शुद्धीकृत तेल, तर बाहेरच्या वडा, समोसा, फरसाण आणि बिस्किटांत बहुधा पाम तेल, अशी आता सर्वसाधारण स्थिती आहे. पहाटेची लोकल गाठून रात्री उशिरा परतणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खाण्यात तळलेले पदार्थ सहज येतात. पालेभाजी, उसळ आणि भाकरी मात्र मागे पडतात. जवसाची चटणी तर अनेक घरांतून दिसेनाशीच झाली आहे. संपृक्त स्निग्ध आणि ओमेगा-६ वाढले, ओमेगा-३ आणि चोथा घटला, असा या बदलाचा एकूण हिशेब आहे.

संशोधन काय सांगते

या विषयाचा विचार आपल्या पश्चिम रेल्वेच्याच परिसरात फार पूर्वी झाला होता, हे नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आजारांचा आणि आहाराचा अभ्यास केला. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात असे दिसून आले की, उत्तरेकडील कर्मचारी दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांपेक्षा कितीतरी पट अधिक स्निग्ध खात असूनही हृदयविकाराचे प्रमाण दक्षिणेकडे अधिक होते. पुढे १९७७ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासंबंधी लिहिताना त्यांनी भाज्यांतील चोथा आणि आंबवलेले दुग्धपदार्थ यांकडे लक्ष वेधले. त्यांचे सर्व निष्कर्ष आज जसेच्या तसे स्वीकारले जात नाहीत. परंतु केवळ तेलाचे माप मोजून आजाराचा उलगडा होत नाही, हा त्यांचा विचार टिकून राहिला आहे.

२०१२ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. काही उंदरांना दुधातील स्निग्ध, काहींना डुकराची चरबी, तर काहींना करडईचे तेल दिले. दुधातील स्निग्धामुळे पित्ताची घडण बदलली आणि त्या पित्तावर पोसणाऱ्या एका विशिष्ट जंतूची वाढ झाली. ज्या उंदरांत जन्मतःच दाह आवरण्याची क्षमता कमी होती, त्यांना आतड्याचा दाह अधिक प्रमाणात झाला. करडईच्या तेलाने तसे घडले नाही. एवढे वाचून कोणी तूप टाकून करडईचे तेल सुरू करील, तर त्याने दुसरा अभ्यासही पाहावा. २००९ मध्ये युरोपातील पाच देशांतील २ लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या पाहणीत असे आढळले की, ज्यांच्या आहारात करडई-सूर्यफुलातील मुख्य ओमेगा-६ स्निग्धाम्ल सर्वाधिक होते, त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होण्याची शक्यता सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट होती. आणि मासळीतील ओमेगा-३ अधिक घेणाऱ्यांत ती कमी होती. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीतही, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मासळीतील ओमेगा-३ चा असाच अनुकूल संबंध दिसला.

एका प्रयोगात करडईच्या तेलावर ठपका येत नाही आणि दुसऱ्या पाहणीत त्यातीलच स्निग्धाम्लाकडे बोट जाते, यात विरोध वाटेल. परंतु उंदरांवरील प्रयोग माणसाला तंतोतंत लागू पडत नाही, आणि पाहणीतून केवळ संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. दोन्हींतून समान असा बोध एवढाच निघतो की, कोणत्याही एकाच स्निग्धावर सारा भार टाकणे हिताचे नाही.

गोळ्यांविषयीही असेच सांगता येईल. क्रोन्स या आतड्याच्या आजारात ओमेगा-३ च्या गोळ्यांनी आजाराची उलट टळते काय, हे पाहण्यासाठी दोन मोठ्या चाचण्या घेण्यात आल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत गोळ्यांचा लाभ दिसला नाही. याउलट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आशादायक आहे. त्यात २० आफ्रिकी-अमेरिकी आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींनी केवळ दोन आठवडे परस्परांसारखा आहार घेतला. चोथा वाढून स्निग्ध घटलेल्या गटात ब्युटिरेट वाढले, दुय्यम पित्ताम्ले घटली आणि अस्तराच्या दाहाच्या खुणा कमी झाल्या. दुसऱ्या गटात याच्या उलट घडले. पूर्ण ताट बदलले तर आतडी इतक्या लवकर प्रतिसाद देतात.

तुपाविषयी दोन शब्द

तुपात ब्युटिरिक आम्ल असल्याने ते मोठ्या आतड्याचे औषध आहे, असे सध्या पुष्कळदा सांगितले जाते. तुपात हे आम्ल अल्प प्रमाणात असते, हे खरे. परंतु ते वरच्या भागातच शोषले जाते व मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे लागणारे ब्युटिरेट चोथ्यापासूनच तयार व्हावे लागते. म्हणून वरण-भातावर चमचाभर तूप घेण्यास निरोगी माणसाला हरकत नाही; मात्र तुपाच्या भरवशावर भाजी सोडू नये.

रुग्णाच्या घरी काय करावे

पित्ताशय काढून टाकल्यानंतर पित्त थेंबाथेंबाने सतत आतड्यात उतरत राहते. अशा रुग्णाने सुरुवातीचे काही आठवडे स्निग्ध थोडे थोडे विभागून घ्यावे. बहुतेकांना पुढे नेहमीचे जेवण सोसते. स्वादुपिंडाच्या दीर्घ आजारात मल फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त आणि पाण्यावर तरंगणारा होतो. अशा वेळी केवळ तेल बंद करून भागत नाही. पाचकरसाची औषधे लागतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स असलेल्या रुग्णाने तळलेले पदार्थ टाळावेत, परंतु स्निग्ध पूर्णपणे बंद करू नये, कारण वजन टिकवणे हा त्याच्या उपचाराचाच भाग असतो. आतडे कोठे अरुंद झाले असेल तर मात्र चोथा आणि बिया डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वाढवू नयेत. लहान बालकांचे आणि अशक्त वृद्धांचे जेवण बिनतेलाचे कधीही करू नये.

शौचावाटे रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, दीर्घकाळ ताप किंवा शौचाच्या सवयीत नव्याने झालेला आणि टिकून राहिलेला बदल ही लक्षणे असतील तर आहाराचे प्रयोग करत बसू नये. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोगही आढळतो आणि त्याची लक्षणे क्रोन्सशी इतकी मिळतीजुळती असतात की तपासणीवाचून निदान होऊ शकत नाही.

निरोगी कुटुंबासाठी हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सुमारे २००० कॅलरींच्या आदर्श थाळीत दृश्य तेल-तुपाचे प्रमाण दरडोई दररोज २७ ग्रॅम धरले आहे. चार माणसांच्या घराला या हिशेबाने महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल-तूप पुरावे. पाच लिटरचा डबा महिन्याअखेर रिकामा होत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जात आहे असे समजावे. बाहेरचे खाणे त्यात धरलेले नाही.

तेल आलटून-पालटून वापरावे. एका महिन्यात शेंगदाणा वा तीळ, दुसऱ्या महिन्यात तांदळाच्या कोंड्याचे किंवा मोहरीचे, असा क्रम ठेवता येईल. शाकाहारी कुटुंबांनी भाजून कुटलेल्या जवसाची चटणी रोज एक-दोन चमचे घ्यावी व पाणी पुरेसे प्यावे. अख्खे जवस न पचता तसेच बाहेर पडते. मासळी खाणाऱ्यांना उत्तन-चौकच्या बाजारात मिळणारा बांगडा आणि तारली ही महागड्या गोळ्यांपेक्षा सरस आहेत. ती तळण्याऐवजी कालवणात घालावी. वलांडीवर सुकवलेले बोंबील प्रथिनांसाठी उत्तम आहेत, मात्र त्यांत तेल फारसे नसते.

तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. अशा तेलात घातक संयुगे साचतात. ती २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली आहे. तेले व वनस्पती तुपातील ट्रान्स स्निग्धांची मर्यादाही १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली. हे नियम स्वागतार्ह आहेत. परंतु आपल्या कढईवर देखरेख ठेवणे हे आपल्याच हाती आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक जेवणात भाजी, उसळ वा कोशिंबीर आणि कोंड्यासकटच्या पिठाची पोळी किंवा भाकरी असावी.

एक नम्र विनंती

आप्तांच्या स्मृतिदिनी, वाढदिवशी किंवा सणासुदीला अनेक दाते आमच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना खाऊ वाटतात. त्यामागील भावनेबद्दल आम्ही सर्वांचे ऋणी आहोत. हा खाऊ बहुधा फरसाण, बुंदी, वेफर्स वा क्रीमची बिस्किटे अशा स्वरूपाचा असतो. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा आतड्याच्या दाहाने त्रस्त असलेल्या माणसाला तो नाकारताना संकोच वाटतो आणि खाल्ल्यास त्रास होतो. त्याऐवजी केळी, मोसंबी, ताजे ताक, भाजलेले चणे किंवा राजगिऱ्याची चिक्की दिल्यास दात्याचा हेतू अधिक सफल होईल. रात्र-रात्र बाकावर काढणाऱ्या नातेवाइकासाठी वरण-भात-भाजीच्या एका थाळीचे मोल फार मोठे आहे. वाटपापूर्वी आमच्या आहारविभागाशी एकदा बोलून घ्यावे, म्हणजे कोणत्या कक्षात काय चालेल हे सांगता येईल.

विश्वस्तांचे मार्गदर्शन, दात्यांचे औदार्य आणि कुटुंबीयांची शुश्रूषा यांच्या बळावर रुग्णसेवेचे हे कार्य चालले आहे. या तिघांचा हात रुग्णाच्या ताटापर्यंतही पोहोचावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.